पुरुषांच्या बराकीत ठेवलेली ट्रान्स स्त्री: कायदा काय देतो आणि ते पदरात कसं पाडून घ्यायचं

प्रश्न असा आहे. एका ट्रान्स स्त्रीला मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली, पोलीस कोठडी संपून एमसीआर झाला, म्हणजे कोर्टाने तिला न्यायालयीन कोठडीत कारागृहात पाठवलं. आधार कार्डावर जुनं नाव आणि ‘पुरुष’ असल्यामुळे तिला पुरुषांच्या कारागृहात, सर्वसाधारण बराकीत टाकलं. केस कापले, साडी काढून घेतली, आणि रात्री बराकीत त्रास होतो असं तिने तारखेला आलेल्या गुरूबहिणीच्या, म्हणजे एकाच गुरूच्या दुसऱ्या चेलीच्या, कानावर घातलं. गुरूबहीण विचारते आहे: तिला महिला कारागृहात हलवता येईल का, आणि तोवर तिच्या जिवाचं काय?

या दोन प्रश्नांपैकी दुसरा आधी घ्या. हलवण्याच्या अर्जावर सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं), अधीक्षकांचा से, मग पुढची तारीख असं करत आठवडे जातात. सुरक्षिततेचा अर्ज मात्र आजच्या आज देता येतो, आणि त्यावर कोर्ट तोंडी सूचना देऊनही त्याच दिवशी हालचाल करायला लावू शकतं. मी अनेक वर्षं विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर कारागृहांतल्या बंद्यांची कामं पाहतो आहे. वकील महिला कारागृहाच्या मोठ्या कायदेशीर युद्धाची तयारी करत बसतात आणि मधल्या काळात बाई त्याच बराकीत राहते, हे वारंवार दिसतं.

खाजगी वकील परवडत नसेल तर थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागत नाही, लिंगाचाही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन सचिवांना लेखी द्या. ते न्यायिक अधिकारीच असतात आणि त्यांचं पत्र कारागृहात गेलं की ते वाचलं जातं. फोनवरून सुरुवात करायची तर १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पण फोनवर समाधान मानू नका, आवक क्रमांक पडलेला कागद हातात घ्या.

वकील तिला भेटेल तेव्हा पहिलं काम तिचं म्हणणं ऐकणं. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. माझ्या अनुभवात निम्मे अर्ज असे लिहिले जातात की ट्रान्स स्त्री म्हणजे तिला महिला कारागृहच हवं असणार. तसं नेहमी नसतं. कुणाला महिला विभागात जायचं असतं. कुणाला आपल्याच समाजाच्या दोघी-तिघी जिथे आहेत तिथे राहायचं असतं, मग तो पुरुष कारागृहातला वेगळा कक्ष का असेना. कुणाला जिल्हा सोडायचा नसतो, कारण दुसऱ्या शहरातल्या महिला कारागृहात गेल्यावर गुरूला आणि चेल्यांना मुलाखतीला येणं परवडणार नाही. कुठे ठेवायचं याचा निर्णय तिला विचारून आणि तिच्या जोखमीकडे पाहून झाला पाहिजे, हीच कायद्यातली भूमिका आहे. अर्जात तिचं म्हणणं तिच्या शब्दांत आणि तिच्या सही-अंगठ्यानिशी येऊ द्या.

अर्ज कुणाकडे? ज्या कोर्टाने एमसीआर दिला त्याच्याकडेच. कच्चा कैदी, म्हणजे शिक्षा न झालेला बंदी, हा कोर्टाच्या वॉरंटवर आत असतो आणि त्याची जबाबदारी त्या कोर्टाची आहे. अर्जात तीन मागण्या पुरेशा आहेत. अधीक्षकांनी तिला सध्या कुठे, कुणाबरोबर ठेवलं आहे याचा अहवाल द्यावा आणि तोवर तिला त्या बराकीतून हलवून सुरक्षित ठेवावं. तिची सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी व्हावी. आणि वॉरंटवरच्या लिंगाच्या रकान्यात दुरुस्ती व्हावी. पुढची तारीख व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर असेल तर तिला प्रत्यक्ष हजर करण्याची मागणीही जोडा. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या बाईच्या मागे शिपाई उभा असतो, आणि त्या खोलीत कुणी ‘मला बराकीत त्रास होतो’ असं बोलत नाही.

वॉरंटवरचा तो छोटा रकाना इतका महत्त्वाचा का, हे बाहेरच्याला कळत नाही. कारागृहाच्या गेटवर नवा बंदी येतो तेव्हा दाखल करणारा तुरुंगाधिकारी कागद पाहतो, माणूस नंतर. कागदावर ‘पुरुष’ असेल तर तो पुरुष विभागाच्या नोंदवहीत चढतो आणि पुढचं सगळं, म्हणजे झडती कोण घेणार, कपडे कोणते, बराक कोणती, आंघोळीची जागा कोणती, त्या एका नोंदीतून ठरतं. तो अधिकारी दुष्ट असेलच असं नाही. वॉरंटच्या विरुद्ध वागायची त्याला भीती असते. म्हणून गृह मंत्रालयाने १० जानेवारी २०२२ ला सर्व राज्यांना पाठवलेल्या सूचनापत्रात याची वाट सांगून ठेवली आहे. दाखल नोंदीत ट्रान्सजेंडर हा वेगळा वर्ग ठेवावा, व्यक्तीने सांगितलेल्या ओळखीचा मान राखावा, आणि वॉरंटवर चुकीचं लिंग असेल तर बंद्याच्या विनंतीवरून ते दुरुस्त करून घेण्यासाठी कारागृहाने विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने कोर्टाकडे जावं. म्हणजे अधीक्षक ‘वॉरंटवर पुरुष आहे, मी काय करू’ असं म्हणाले तर त्यांना हे पत्र दाखवा. काय करायचं ते त्यातच लिहिलेलं आहे.

पण त्या पत्राची ताकद नेमकी किती, हेही समजून घ्या. कारागृहं हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांचा विषय आहे. केंद्राचं सूचनापत्र राज्याच्या कारागृह विभागाला आदेश देत नाही, सुचवतं. कोर्टात निव्वळ त्या पत्रावर उभं राहिलात तर सरकारी वकील हेच म्हणणार. पाया म्हणून वापरायचा तो १५ एप्रिल २०१४ चा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी त्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क घटनेच्या कलम १४, १५, १६, १९ आणि २१ मध्ये रोवला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा ठरवलं. त्यावर २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम येतो, जो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. आरोग्य, निवास, सरकारी सेवा यांत भेदभाव करायला त्यात बंदी आहे. व्याख्या आणि ओळखपत्राची पद्धत या गोष्टी कायदेमंडळ बदलू शकतं, म्हणून अर्ज लिहिताना त्या दिवशी अंमलात असलेला मजकूर उघडून पाहा. मूलभूत हक्कांवरचा निकाल हा त्याहून खोलवरचा आधार आहे.

महाराष्ट्रातल्या कोर्टांत उभं राहायचं तर दोन निकाल जवळ ठेवा. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका ट्रान्स स्त्रीने महिलांच्या जागेवर अर्ज भरला, तो फेटाळला गेला, आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिने निवडलेली स्त्री ही ओळख मान्य करून अर्ज स्वीकारायला लावला. दुसरा मार्च २०२३ चा, न्या. अमित बोरकर यांचा. शस्त्रक्रियेनंतर स्त्री ही ओळख घेतलेली व्यक्ती कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ‘पीडित व्यक्ती’ ठरते, असं त्यात म्हटलं आहे. दोन्हींचा कारागृहाशी थेट संबंध नाही. तरी मॅजिस्ट्रेटसमोर दिल्लीहून आलेल्या तत्त्वापेक्षा स्वतःच्या उच्च न्यायालयाने ते तत्त्व वापरलेलं दाखवणं जास्त कामाला येतं.

ओळखपत्राबद्दल. जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र नसेल तर हक्क नाही, असं कारागृहात सर्रास सांगतात. हे चूक आहे. २०१४ चा निकाल प्रमाणपत्राची अट घालत नाही, आणि गृह मंत्रालयाचं पत्र तर प्रमाणपत्र नसेल तर ते मिळवायला मदत करा असं सांगतं. पण व्यवहार म्हणून ते असणं बरं. २०२० च्या नियमांत अर्ज ऑनलाइन राष्ट्रीय पोर्टलवर करता येतो, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, वैद्यकीय तपासणी लागत नाही अशी पद्धत ठरवली गेली. अडचण रहिवासाची येते. अर्जदार त्या जिल्ह्यात बारा महिने राहत असावा अशी अट आहे, आणि दहा ठिकाणी डेरा बदललेल्या, घरून हाकललेल्या माणसाकडे भाडेकरार कुठला असणार? त्यामुळे अटकेआधीच्या डेऱ्याचा पत्ता, रेशनकार्ड, बँक पासबुक, जे असेल ते बाहेरच्यांनी गोळा करून द्यावं. आतून ती हे करू शकत नाही.

आता झडती. कारागृहात दाखल होताना, कोर्टातून परतताना, मुलाखतीनंतर, अशा सतत झडत्या होतात, आणि ट्रान्स स्त्रीच्या बाबतीत झडती हीच अनेकदा पहिली हिंसा असते. चार शिपाई जमतात, चेष्टा होते, कपडे उतरवून ‘बघू काय आहे’ असं चालतं. सूचनापत्रानुसार झडती तिच्या पसंतीच्या लिंगाच्या कर्मचाऱ्याने किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्याने घ्यावी, आणि कपडे उतरवणं आवश्यकच असेल तर खाजगी खोलीत किंवा आडोशाला. लिंग ओळखण्यासाठी झडती घेता येत नाही. झडती निषिद्ध वस्तू शोधण्यासाठी असते. पुरुष कारागृहाच्या गेटवर महिला शिपाई नसते हे उत्तर तयार असतं. अशा वेळी कारागृहाच्या दवाखान्यातली परिचारिका किंवा डॉक्टर बोलवावा, एवढीच मागणी ठेवा. ती मान्य होते.

केस आणि साडी. हे बाहेरच्यांना किरकोळ वाटतं, आत ते किरकोळ नसतं. लांब केस कापलेली बाई बराकीत येते तेव्हा ‘हिला काहीही केलं तरी चालतं’ हा निरोप सगळ्यांना पोचलेला असतो. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे वापरता येतात, बाहेरून मागवताही येतात. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ३१ पासून हे तत्त्व चालत आलं आहे. तिला शिक्षा झालेलीच नाही, त्यामुळे साडी किंवा सलवार-कुर्ता काढून घेण्याला आधार शोधून सापडत नाही. सुरक्षेचं कारण देऊन ओढणी किंवा बांगड्या नाकारतील, त्यावर वाद घालण्यात अर्ज खर्चू नका. कपडे आणि केस यांवर मात्र ठाम राहा. कापलेले केस परत येत नाहीत, पण त्याची तक्रार नोंदली गेली तर पुढचीचे वाचतात.

महिला कारागृहात हलवता येतं का? कायद्याने आड येणारं काही नाही. मुंबईत भायखळ्याला स्वतंत्र महिला कारागृह आहे. बहुतेक जिल्ह्यांत मात्र पुरुष कारागृहाच्या आवारातच भिंतीआड महिला विभाग असतो. कच्च्या कैद्याला दुसऱ्या कारागृहात हलवायचं तर कोर्टाची परवानगी लागते. त्यामुळे अर्ज कोर्टातच करा आणि प्रत अधीक्षकांना व पुण्याच्या कारागृह महानिरीक्षक कार्यालयाला द्या. खालच्या कोर्टाने ‘हा प्रशासनाचा प्रश्न’ म्हणून हात झटकले तर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय.

विरोधात काय येईल तेही ऐकून ठेवा. महिला विभागात इतर बायका आहेत, सहा वर्षांपर्यंतची त्यांची मुलं आहेत, त्यांच्या सुरक्षिततेचं काय? हा प्रश्न चिडून उडवून लावू नका, न्यायाधीशाच्याही मनात तो असतो. उत्तर असं द्या की कोणत्याही बंद्याबाबत जोखीम व्यक्तीवरून ठरते. तिच्यावरचा आरोप काय, आधीचं वर्तन काय, तिला स्वतःला धोका कुणाकडून, हे पाहून ठरवा. सरसकट ‘हो’ आम्ही मागत नाही आणि सरसकट ‘नाही’ही तुम्ही देऊ नका. लैंगिक गुन्ह्याचा आरोप असलेल्या एखाद्या प्रकरणात महिला विभाग नाकारला गेला तर तेही समजण्यासारखं आहे, अट एवढीच की मग दुसरी सुरक्षित जागा दिली पाहिजे. कुणी सोयीसाठी ओळख बदलून सांगेल ही भीती मी पुष्कळ ऐकली आहे. पुरुष कारागृहात ट्रान्स स्त्री म्हणून जगणं किती सोयीचं असतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

तिसरा पर्याय वेगळ्या कक्षाचा. केंद्राचं पत्र ट्रान्स स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष, स्वतंत्र शौचालय आणि न्हाणीघर सुचवतं. आणि त्याच वाक्यात एक इशारा देतं: यातून त्या व्यक्ती पूर्ण एकाकी पडता कामा नयेत. या इशाऱ्याकडे मी तुमचं खास लक्ष वेधतो, कारण कारागृह प्रशासनाला सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे ‘सुरक्षेसाठी’ तिला सेपरेट कोठडीत टाकणं. तक्रार केली, कोर्टाने संरक्षण द्या म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी बाई अंडा सेलमध्ये, म्हणजे कडेकोट एकट्या कोठडीत. मार खाणारी आत बंद, मारणारे बराकीत मोकळे. दिवसभर एकटी, वाचनालय नाही, काम नाही, टीव्हीसमोर बसणं नाही, बोलायला माणूस नाही. महिनाभरात ती स्वतःच लिहून देते की मला परत बराकीत टाका.

एकांतवास ही शिक्षा आहे आणि ती देण्याचा अधिकार फक्त शिक्षा सुनावणाऱ्या कोर्टाला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११ आणि १२ मध्ये तिच्या मर्यादा दिल्या आहेत. सुनील बत्रा प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेल्या बंद्यालाही प्रशासनाच्या मर्जीने एकांतात ठेवता येत नाही असं ठरवलं. मग कच्च्या कैद्याला कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत दिवसाला बावीस तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग पंधरा दिवसांहून अधिक असेल तर तो दीर्घ व निषिद्ध, अशी व्याख्या आहे. त्याच नियमांत दाखल नोंदीत व्यक्तीने स्वतः मानलेल्या लिंगाचा आदर करायला सांगितलं आहे. म्हणून सुरक्षिततेच्या अर्जातच एक वाक्य टाका: वेगळं ठेवायचं झाल्यास इतर बंद्यांना मिळणारा बाहेर काढण्याचा वेळ, काम, कॅन्टीन, मुलाखत आणि दवाखाना यांत कपात होऊ नये. हे वाक्य नंतर सुचलं तर नवा अर्ज, नवी तारीख.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर काय, यावर कायदा दुबळा आहे आणि ते लपवून उपयोग नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ६३ बलात्काराची पीडित स्त्रीच धरतं. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३७७ होतं. २०१८ च्या नवतेजसिंग जोहर निकालाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले, पण जबरदस्ती त्याखाली गुन्हाच राहिली होती आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली तेव्हा ते कलमच तिच्यात आलं नाही. २०१९ च्या कायद्यात कलम १८ आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तीवरच्या शारीरिक, लैंगिक, मानसिक छळाला त्यात शिक्षा ठेवली गेली सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. ट्रान्स स्त्रीच्या देहाची किंमत कायद्याने अशी लावली आहे, आणि बराकीतल्या दादालाही ती ठाऊक असते.

म्हणून फिर्याद लिहिताना तुम्ही स्वतः कलमं खाली आणू नका. २०१४ च्या निकालाप्रमाणे ती स्त्री आहे, तेव्हा स्त्रीवरच्या लैंगिक गुन्ह्यांची कलमं लावा अशी स्पष्ट मागणी करा. वर सांगितलेला २०२३ चा मुंबईचा निकाल, आणि जून २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ट्रान्स स्त्रीला पतीच्या छळाच्या कलम ४९८अ खाली तक्रार करता येते असा दिलेला निकाल, हे दोन्ही या बाजूला झुकतात. सोबत दुखापत, गंभीर दुखापत, धमकी यांची सर्वसाधारण कलमं आणि २०१९ च्या कायद्याचं कलम १८ जोडा. एक टिकलं नाही तर दुसरं टिकेल.

पुरावा तासांत नाहीसा होतो. शक्य असेल तर आंघोळ करण्याआधी, कपडे धुण्याआधी वैद्यकीय तपासणी व्हावी. कारागृहाच्या दवाखान्यातल्या नोंदीवर विसंबू नका, तिथे ‘पडून जखम’ असं लिहिलेलं पुष्कळदा सापडतं. जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा आदेश कोर्टाकडून घ्या. पोलीस कोठडीतच मारहाण झाली असेल तर अटकेनंतरची तपासणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली झालेली असली पाहिजे आणि तिची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला मिळते. ती मागा. कारागृहात आल्यावरच्या नोंदीशी ती ताडून पाहिली की जखमा कुठे झाल्या हे उघड होतं. तक्रार अधीक्षकांमार्फतच गेली पाहिजे असं नाही. कोर्टात हजर केल्यावर थेट न्यायाधीशांना सांगता येतं, आणि कारागृहाला भेट देणाऱ्या जिल्हा न्यायाधीशांनाही. सुनील बत्राचाच दुसरा निकाल, १९७९ चा, एका बंद्याने सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रातून सुरू झाला होता. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही अर्ज करा, पण तिथून तातडीची सुटका होईल अशी आशा नको.

औषधं हा वेगळा लढा आहे आणि त्यात गुरूबहिणींचा सहभाग सर्वांत मोलाचा. ती हार्मोन घेत होती का, कुठल्या डॉक्टरकडून, किती मात्रा, याचे कागद वकिलाकडे द्या. निर्वाण (समाजातला लिंगछेदनाचा विधी) किंवा शस्त्रक्रिया झालेल्या बाईचं शरीर स्वतः पुरेसे हार्मोन बनवत नाही. ते अचानक बंद केले की हाडं ठिसूळ होण्यापासून नैराश्यापर्यंतचे त्रास सुरू होतात, आणि ‘सौंदर्याची औषधं कारागृहात मिळत नाहीत’ हे उत्तर वैद्यकीय नाही. लिहून दिलेल्या औषधासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याचा लेखी नकार मागा. नकार लेखी द्यायचा म्हटलं की बऱ्याचदा औषध येतं. एचआयव्हीवरचे उपचार घेणारी असेल तर एआरटी, म्हणजे त्याची रोजची औषधं, एक दिवसही चुकू नयेत. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ च्या कलम ३१ मध्ये कोठडीतल्या व्यक्तीचा उपचारांचा हक्क वेगळा सांगितला आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल बराकभर होता कामा नये.

मुलाखतीला रक्ताचेच नातेवाईक हवेत असं गेटवर सांगतील. गुरू, चेला, गुरूबहीण यांना ‘नातं काय’ विचारून परत पाठवल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. केंद्राच्या पत्रात मित्र आणि निवडलेलं कुटुंब यांनाही भेटीचा हक्क मानला आहे. तिने भेटायला येणाऱ्यांच्या यादीत तुमची नावं स्वतः लिहून दिली की काम सोपं होतं, त्यामुळे वकिलाकडून पहिल्याच भेटीत ती यादी करून घ्या. नियमित येणारं माणूस असलं की आतल्यांच्या वागण्यात फरक पडतो. हे कुठल्या कलमात नाही, पण खरं आहे.

एक आकडा सांगतो, तोही कोर्टात उपयोगी पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने कारागृहांच्या वार्षिक आकडेवारीत ट्रान्सजेंडर बंद्यांची वेगळी मोजणी २०२० च्या अहवालापासून सुरू केली, तीही दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाल्यावर. त्या वर्षअखेर देशभरात ४,८८,५११ बंदी होते आणि त्यात ट्रान्सजेंडर ७०. ज्या देशात तुमच्या गुरूबहिणीसारख्या बायका वॉरंटवर ‘पुरुष’ म्हणून आत जातात तिथे ७० हा आकडा बंद्यांचा नसून नोंदींचा आहे. ‘आमच्याकडे असे बंदीच नाहीत, म्हणून सोय नाही’ असं प्रतिज्ञापत्र आलं तर हे मांडा. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कारागृहांतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली, आणि लिंग व अपंगत्व यांसारख्या कारणांवरून होणाऱ्या भेदभावाचा विषय स्वतःहून पुढे चालू ठेवला. आपली तक्रार त्याच धाग्यातली आहे हे उच्च न्यायालयापुढे जरूर म्हणा.

आणि जामीन. बराक बदलण्याच्या झगड्यात हा मागे पडू देऊ नका. मारामारीच्या गुन्ह्यातली कलमं जामीनपात्र असतील तर जामीन हक्काने मिळतो, आणि अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर ती निर्धन आहे असं धरून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७८ सांगतं. अजामीनपात्र असतील तर कलम ४८० मध्ये स्त्री, आजारी, दुर्बल व्यक्तींसाठी सवलत आहे. ती स्त्री म्हणून मागा, मात्र केवळ तिच्यावर अर्ज उभा करू नका. कारागृहातली असुरक्षितता, वैद्यकीय गरज आणि तपास संपत आल्याची स्थिती हे मुद्दे जास्त वजनदार ठरतात. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर कलम ४७९ लागू होतं.

खरी अडचण आदेशानंतर येते. जामीन मंजूर झाला आणि जामीनदार नाही, म्हणून महिनोन् महिने आत राहिलेल्या ट्रान्स स्त्रिया मी पाहिल्या आहेत. घरचे येत नाहीत, डेऱ्यातल्या कुणाच्या नावावर घर किंवा सात-बारा नसतो. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. त्यांनी कळवलं का ते आठव्या दिवशी विचारा. केंद्राच्या गरीब बंदी साहाय्य योजनेतून जामिनाच्या रकमेसाठी कच्च्या कैद्याला मदत मिळण्याची सोय आहे. त्याआधी जामीनदाराची अट शिथिल करून रोख जामीन किंवा जातमुचलका ठेवावा असा अर्ज द्या. तो बऱ्याचदा मान्य होतो.

सुटकेच्या दिवशी संध्याकाळी गेटवर कुणीतरी हजर असू द्या, सुटका बहुधा उशिराच होते. दाखल होताना जमा केलेल्या वस्तूंची पावती, फोन, दागिने मोजून घ्या. दवाखान्याचे कागद आणि एआरटी चालू असेल तर ट्रान्सफर स्लिप मागा. तिचे कपडे घेऊन जा.